खुलदाबादची कबर

राजूरच्या गणपतीला नमस्कार करून आमची सहल निघाली. बस गावाबाहेर पडते न पडते तोच वर्गातील एका मुलाने हरकत घेतली. "गुरुजी, ज्याने छत्रपती संभाजी महाराजांचे हाल हाल करून प्राण घेतले, त्याची कबर आपण कशाला पाहायची?" प्रश्न रास्त होता. गुरुजी एवढेच म्हणाले, "आधी मकबरा पाहू, मग बोलू."

१९८१ पर्यंत राजूर औरंगाबाद जिल्ह्यातच होते. म्हणून आमच्या आजोबांच्या तोंडी शहराचे तेच नाव अजून येते. मलिक अंबरने वसविलेल्या खडकीला औरंगजेबाने आपले नाव दिले होते. २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिचे थडगे म्हणजेच बिबी का मकबरा. दुरून तो ताजमहालाचा धाकटा भाऊ भासतो. जवळ गेल्यावर मात्र काटकसर दिसते. संगमरवर भिंतींच्या पायथ्याशी आणि घुमटाला. मधला भाग चुन्याच्या गिलाव्याचा. पण तो गिलावा असा घोटलेला आहे, की हात फिरवून पाहावासा वाटतो! प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे आहेत. बांधणाऱ्यांची नावे अशी क्वचितच टिकतात.

खुलदाबादला असा डोलारा नाही. शेख जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली मातीची कबर आहे. तीवर सब्जाचे रोप. आपली कबर साधी असावी, ही बादशहाचीच इच्छा. भोवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. मार्च २०२५ मध्ये ही कबर हटवावी अशी मागणी झाली आणि नागपुरात दंगलही उसळली. कबर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

तो मुलगा दाराशीच थांबला होता. गुरुजी त्याच्याजवळ गेले. "अरे, १६८२ साली हा अफाट फौज घेऊन या प्रांती आला. विजापूर घेतले, गोवळकोंडा घेतला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध केला, बाल शाहूराजांना कैदेत ठेवले. आता स्वराज्य बुडाले, असे त्याला वाटले असेल. पण राजाराम महाराज जिंजीहून लढले. ते गेल्यावर ताराराणी लढल्या. बादशहा दिल्लीला परतलाच नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगारला मेला. दिल्लीच्या बादशहाची कबर आपल्या मुलखात का, याचे उत्तर येथे उभे राहिल्यावर नीट कळते."

"आणि शाहूराजे?"

"त्याच वर्षी सुटले. सोडले ते शहाजादा आझमने; सकाळी ज्या बेगमेचा मकबरा पाहिलास, तिच्या मुलाने."

मुलाने जोडे काढले, आत जाऊन कबर पाहिली. हात मात्र जोडले नाहीत. गुरुजींनीही तसे सांगितले नाही. बाहेर येताच त्याने विचारले, "संभाजी महाराजांची समाधी कोठे आहे?"

"पुणे जिल्ह्यात, वढू बुद्रुकला."

पुढच्या सहलीसाठी बहुतेकांनी तेच गाव सुचविले.