स्टॉलवर गेमला बोलू द्या, बैठकीत आकडे बोला

स्वतः बनवलेला गेम घेऊन मेळाव्याला जाताना दोन वेगळी कामं करायची असतात. स्टॉलवर अनोळखी माणसाने गेम खेळावा हे एक, आणि प्रकाशकाने त्यात पैसे घालावेत हे दुसरं. पहिल्या कामात तुम्ही जितकं कमी बोलाल तितकं बरं. दुसऱ्यात मात्र नेमकं बोलावं लागतं. दोन्हींची तयारी निदान तीन-चार महिने आधी सुरू करा.

१. मेळावा निवडा. सॅन फ्रान्सिस्कोची मार्चमधली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स मुख्यतः गेम बनवणाऱ्यांची आहे. तिथे भेटीगाठींना महत्त्व. जर्मनीत कोलोनला ऑगस्टमध्ये भरणाऱ्या गेम्सकॉममध्ये सामान्य खेळाडूंची दालनं वेगळी आणि व्यवसायाचा विभाग वेगळा असतो. पहिल्यांदाच जाणार असाल, तर अनेक वर्षं हैदराबादेत भरलेल्या इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्सपासून सुरुवात करा. खर्च आवाक्यात राहतो आणि चुका घराजवळ होतात.

२. मेळाव्यासाठी डेमो वेगळा बांधा. सात ते दहा मिनिटांत संपेल एवढाच ठेवा. लांबलचक प्रस्तावना आणि सूचनांचे पडदे काढून टाका. तुमच्या गेममधली सर्वांत खास गोष्ट पहिल्या दीड-दोन मिनिटांत खेळाडूच्या हाती यायला हवी. डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. कुणी मधेच कंट्रोलर ठेवून निघून गेलं, तर मिनिटाभरात तो आपोआप सुरुवातीला यावा आणि पडद्यावर ट्रेलर सुरू व्हावा. गेम बनवण्याशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना तो आधी खेळायला द्या. ‘आता काय करायचं?’ असा प्रश्न जिथे येईल, तिथे दुरुस्ती करा.

३. स्टीमवरचं पान आधी सुरू करा. स्टॉलवर खूश झालेला माणूस घरी गेल्यावर गेमचं नाव विसरतो. म्हणून पानाचा क्यूआर कोड पडद्याशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि विशलिस्ट करण्याची विनंती छापा. स्टीम नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या ऑनलाइन डेमो-उत्सवात एका गेमला एकदाच भाग घेता येतो. अर्धाकच्चा डेमो तिथे उधळू नका.

४. सामानाची यादी करा. दोन कंट्रोलर, जादा केबल, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, ते पुसायचे वाइप्स, एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी आणि डेमोची प्रत असलेले दोन पेन ड्राइव्ह. आपले तीन गोल पिनांचे प्लग जर्मनीच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, त्यामुळे अडॅप्टर हवेतच. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते. चार्जरवर १००-२४० लिहिलंय का ते पाहून घ्या. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा.

५. पिच डेक, म्हणजे प्रकाशकाला दाखवायचं सादरीकरण, दहा-बारा स्लाइडमध्ये बसवा. क्रम असा: एका वाक्यात गेम, खेळ दाखवणारा छोटा व्हिडिओ, खेळण्याची पद्धत, कुणासाठी आहे, त्याच जातीचे बाजारातले गेम, टीम, आजवर झालेलं काम, वेळापत्रक, बजेट आणि शेवटी नेमकी मागणी. बजेटमध्ये पगारांबरोबर चाचणी, भाषांतर, कन्सोलवर आणण्याचा खर्च आणि अडीअडचणीची रक्कमही धरा. आकडा कमी दाखवला की पुढे गेम अर्ध्यावर अडकतो.

६. बैठका घरूनच ठरवा. मेळाव्याची भेटी ठरवायची यंत्रणा उघडली की पहिल्याच आठवड्यात संदेश पाठवा. प्रत्येक प्रकाशकाने आधी कोणते गेम काढलेत ते बघा. कोडी सोडवायचे गेम काढणाऱ्याला शूटर दाखवण्यात अर्थ नाही. दोन बैठकांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, कारण दालनं अवाढव्य असतात.

७. स्टॉलवर मागे उभे राहा. नमस्कार करा, हेडफोन द्या आणि गप्प बसा. खेळाडू कुठे अडतो, कुठे हसतो, कुठे उठून जातो, हे वहीत टिपा. शक्यतो दोघांनी पाळी लावावी. एक बैठकीला गेला तरी स्टॉल ओस पडू नये.

८. बैठकीत आधी गेम दाखवा. अर्ध्या तासातली पहिली काही मिनिटं व्हिडिओ आणि डेमोला द्या, मग पैशांकडे वळा. किती हवेत, कशासाठी, कधीपर्यंत, हे न अडखळता सांगा. तुम्हीही विचारा: गुंतवणूक वसूल होईपर्यंत आम्हाला काय मिळेल, त्यानंतर वाटणी कशी, गेमची मालकी कुणाकडे? तोंडी आश्वासनावर काहीही कबूल करू नका. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

९. परतल्यावर आठवड्याभरात प्रत्येकाला मेल करा. डेकची लिंक, डेमोची प्रत आणि बैठकीत ठरलेला मुद्दा एवढंच लिहा. उत्तर आलं नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

नकार बरेच येतील. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ या गेमसाठीची किकस्टार्टरवरची निधी उभारण्याची मोहीम फसली होती; तरी २०२० साली तो गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि पुढे इतर मंचांवरही पोहोचला. एका मेळाव्यात करार झाला नाही म्हणून गेम वाईट ठरत नाही. मात्र वहीतल्या नोंदी वाचून डेमो सुधारला नाही, तर पुढच्या मेळाव्याचं भाडं वाया गेलंच समजा.