कायदा संपतो तेथे



आपल्या धर्मग्रामातील अनेक मुलेमुली दुकानांत, हॉटेलांत व कचेऱ्यांत नोकरी करतात. काहीजण स्वतः दुकानमालक आहेत. म्हणून महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील बदल आपण समजून घेऊ या.

१९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१७ चा कायदा आला. १० किंवा अधिक कामगार असतील तेथे दिवसाला ९ तास काम, आठवड्यातून सलग २४ तास सुटी आणि जादा कामास दुप्पट वेतन, असे त्यात ठरले. २०२५ च्या दुरुस्तीने दिवसाचे ९ तास १० झाले. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर गेली. शिवाय कायदा लागू होण्यासाठी आता २० कामगार लागतात.

ही शेवटची अट नीट ध्यानात घ्यावी. १५ कामगारांच्या दुकानाला हा कायदा पूर्वी लागू होता, आता नाही. पण त्या पंधरा जणांचे पाय संध्याकाळी पूर्वीइतकेच दुखतात. कायद्याने बंधन काढले म्हणजे न्यायाने काढले, असे नव्हे. कायदा माणसे मोजतो. न्याय समोरच्या एका माणसाकडे पाहतो.

म्हणून मालकांना आमची विनंती, कामगार कितीही असोत, साप्ताहिक सुटी व जादा कामाचे दुप्पट वेतन चालू ठेवा. कामगारांनी आपले रोजचे तास वहीत लिहून ठेवावेत. आणि घरच्यांनी, उशिरा परतलेल्या लेकीला आधी ताट वाढावे, प्रश्न मागाहून विचारावेत.