दुकानातील काचेचे कपाट : माल दाखवावा, पण आधी राखावा



आपले मन्नाएखेळ्ळी पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले आहे. पूर्वी हा ९ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता त्याचा क्रमांक ६५ आहे. चहासाठी थांबलेला प्रवासी जाता जाता तुरीची डाळ, गूळ, कडक भाकरी किंवा शेंगदाण्याची चटणी घेतो. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हापासून बाहेरची माणसे ती नाव घेऊन मागतात. म्हणून आपल्यातील काही कुटुंबांनी रस्त्याकडेला लहान दुकाने घातली आहेत. शेतातला माल अडत्याला न देता स्वतः विकला तर दोन पैसे जास्त मिळतात, हा त्यांचा हिशेब बरोबर आहे.

अशाच एका घरच्या माउलीची चटणी उत्तम असते. तरी गेल्या उन्हाळ्यात दोन गिऱ्हाइकांनी पाकिटे परत आणून दिली. चटणी खवट लागत होती. तिला वाटले, शेंगदाणेच वाईट निघाले. मी ते दुकान पाहिले. दोष शेंगदाण्यांचा नव्हता, नव्या शोकेसचा होता. ती दिसायला सुंदर होती, पण तोंड पश्चिमेला, आत मोठा पिवळा दिवा, आणि दार मागच्या बाजूला. या तीन गोष्टींनी माल कसा बिघडला, आणि कपाट करून घेताना काय पाहावे, हे आज समजून घेऊ.

१) ऊन आणि दिवा

उन्हात उभ्या केलेल्या, खिडक्या बंद असलेल्या एस. टी. त आपण बसलो आहोत. काचेतून ऊन आत येते, पण उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही. काचेच्या कपाटाचेही तसेच होते. शेंगदाणे, तीळ, जवस, फरसाण यांत तेल असते. उष्णता, उजेड आणि हवा ही तिन्ही मिळून तेल खवट करतात. म्हणून कपाटाचे तोंड शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवावे. जागेमुळे पश्चिमेलाच ठेवावे लागले, तर पुढे तीन-चार फुटांचे छप्पर काढावे किंवा दुपारी पडदा सोडावा.

छपराचा आणखी एक फायदा आहे. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की काच आरशासारखी होते. गिऱ्हाइकाला माल दिसत नाही, स्वतःचे तोंड दिसते. बाहेर सावली व आत थोडा उजेड असला की माल स्पष्ट दिसतो. आतला दिवा एल. ई. डी. चा असावा, कारण जुना तारेचा दिवा उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो. तो पुढच्या बाजूस वरच्या कडेला आतून बसवावा, म्हणजे उजेड मालावर पडतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर नाही.

२) मागचे दार

दार दुकानदाराच्या बाजूला असणे योग्यच आहे. पण त्यात एक फसगत आहे. नवीन पाकिटे आपण मागून ठेवतो आणि विकतानाही मागूनच काढतो. त्यामुळे नवा माल विकला जातो आणि काचेलगतची पहिली रांग महिनोन्महिने जागची हलत नाही. तीच रांग ऊन खाते. एखाद्या दिवशी मागचा माल संपतो आणि ती पाकिटे गिऱ्हाइकाच्या हातात जातात. आपल्या माउलीची चटणी अशीच परत आली.

उपाय सोपा आहे. माल फळीवर सुटा न मांडता ट्रेमध्ये मांडावा. रोज सकाळी ट्रे पूर्ण बाहेर काढावा, पुसावा, पुढची रांग मागे आणावी आणि नवीन माल पुढे ठेवावा. म्हणून ट्रे सहज निघेल एवढे रुंद दार सुताराकडून मागून घ्यावे.

३) माशी, मुंगी आणि दमट हवा

शेतकऱ्याच्या दुकानाजवळ बहुधा गोठा आणि उकिरडा असतो. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. माशीला घट्ट पदार्थ खाता येत नाही. ती त्यावर लाळ टाकून तो पातळ करते व मग शोषते. शेणावर बसलेले पायही ती त्यावरच टेकते. हगवण, विषमज्वर व पटकी यांचे जंतू अशा रीतीने अन्नात येतात. म्हणून सरकत्या काचांमधल्या फटीला रबराची पट्टी लावावी. हवा खेळण्यासाठी मागे वरच्या बाजूला भोके ठेवावीत, पण त्यांवर बारीक जाळी मारावी.

स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाचे पाय आपल्या आजी पाण्याच्या वाटीत ठेवीत. शोकेसलाही तसे करता येते, मात्र वाटीतले पाणी रोज बदलावे, नाही तर डास होतात. पाय सहा इंच उंच असावेत, म्हणजे खालून केरसुणी फिरते.

पावसाळ्यात गूळ हवेतले पाणी ओढून पाझरतो व पापड मऊ पडतात. हे पदार्थ कपाटातही घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवावेत. आल्याचे मात्र उलटे आहे. ओले आले, भाजी, फळे काचेत कोंडली की घाम सुटून बुरशी येते. ती बाहेर सावलीत टोपलीत ठेवावीत. खव्याची मिठाई आणि शिजवलेले पदार्थ यांच्याविषयी एवढेच ध्यानात घ्यावे की काचेचे कपाट म्हणजे फ्रिज नव्हे.

४) मापे

हातात मावेल अशा दुकानासाठी चार फूट लांब, दीड फूट खोल आणि साडेतीन फूट उंच कपाट पुरते. वरच्या फळीवर तराजू राहतो. गिऱ्हाईक उभे राहून खाली पाहते, म्हणून सर्व फळ्या सारख्या रुंद ठेवू नयेत. वरची नऊ इंच, मधली बारा इंच, खालची पूर्ण दीड फूट, आणि सगळ्या मागच्या बाजूला लागून, अशा पायऱ्या केल्या की तळाचा मालही दिसतो. गूळ-डाळीसारखा जड माल तळाच्या लाकडी फळीवर ठेवावा. काचेच्या फळीला दर दोन फुटांवर आधार द्यावा आणि कडा घासून घ्याव्यात.

सुताराला सांगण्यापूर्वी जमिनीवर खडूने आकृती काढावी, खोकी रचून त्यावर माल मांडावा आणि गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहून पाहावे. खडू पुसता येतो, कापलेली फळी जोडता येत नाही.

५) मांडणी

बिदरी काम आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. जस्त व तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची नक्षी उठून दिसते ती पाठीमागच्या काळ्या रंगामुळेच. हाच नियम दुकानात लावावा. पांढरे पापड, भाकरी गडद फळीवर आणि काळे तीळ, लाल चटणी पांढऱ्या कागदावर ठेवावी. फळी ठासून भरू नये. किंमत मोठ्या आकड्यांत लिहावी. आपल्याकडे कन्नड, मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी सर्वच माणसे थांबतात, आणि आकडा सर्वांना वाचता येतो.

६) कायदा

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा असून त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान दुकानदारानेही नोंदणी करावी लागते. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून आवश्यक झाले. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यासही मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते.

लक्षात ठेवा :
• सावली आधी, दिवा नंतर.
• रोज सकाळी पुढची रांग मागे.
• कोरडा माल काचेत, ओला माल टोपलीत, पाझरणारा माल बरणीत.
• आधी खडू, मग करवत.

त्या माउलीने नवे कपाट केले नाही. पुढे छप्पर घातले, दिवा बदलला आणि ट्रे आणले. शिळी पाकिटे तिने स्वस्तात न विकता फेकून दिली. तोटा झाला खरा, पण पाकीट परत देणाऱ्या दोघांपैकी एक जण आता पुन्हा तिच्याच दुकानी थांबतो.