ठोकळ्यांची नावे : आजी-आजोबांसाठी एक पाठ



नातवंडे टेलिव्हिजनसमोर व्हिडिओ गेम खेळत असली म्हणजे आपण वडीलधारी मंडळी शेजारी बसतो आणि कौतुकाने म्हणतो, "अरे, त्या ठोकळ्यावर उडी मार." मूल विचारते, "कुठल्या?" पडद्यावर पन्नास ठोकळे असतात आणि आपल्याजवळ शब्द एकच. मग ते इंग्रजीत समजावू लागते, आपण मान डोलावतो, आणि घरात मराठी बोलण्याची आणखी एक संधी निघून जाते. आमच्याकडे हे अनेकदा घडले, तेव्हा आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम 'सुपर मारिओ ब्रदर्स' घेऊ. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा हा खेळ 1985 सालचा. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील स्ट्राँग म्युझियमने 2015 साली व्हिडिओ गेमचे मानाचे दालन सुरू केले, त्यातील पहिल्या सहा खेळांत हा होता. आम्ही आधी ठोकळ्यांची वाटणी रंगावरून केली आणि फसलो. जमिनीवरच्या विटा तपकिरी दिसतात, भुयारातल्या निळसर. पण दोन्हींचा गुण एकच. नातवाने हसून सांगितले, "रंग नको बघू, काय करतो ते बघ."

पोराचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा प्रत्येक ठोकळ्याला तीन प्रश्न विचारावेत. त्याच्यावर उभे राहता येते काय? खालून धडक दिली तर काय होते? आणि धडकेनंतर मागे काय उरते?

जिन्यासारखे रचलेले असतात तो 'पक्का ठोकळा'. त्याला कितीही धडका द्या, काही होत नाही. 'वीट' मोठ्या मारिओने धडक दिल्यास फुटते, मात्र छोट्या मारिओच्या धडकेने नुसती हलते. म्हणजे केवळ 'फुटणारी वीट' म्हणून भागत नाही, फोडणारा कोण हेही पाहावे लागते. प्रश्नचिन्ह असलेला तो 'प्रश्नाचा ठोकळा'. त्यातून नाणे, अळंबी किंवा फूल निघते आणि मागे 'रिता ठोकळा' राहतो. 'गुप्त ठोकळा' तर दिसतच नाही. वरून आलात तर त्यातून आरपार खाली जाल. खालून डोके आपटले की प्रकट होतो, आणि तोही शेवटी रिताच. दोन रिते ठोकळे शेजारी दिसले तर कोण आधी प्रश्नाचा होता आणि कोण गुप्त, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

करणीवरून नाव ठेवणे आपल्याला नवे नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना शेजाऱ्यांनी 'शनवार तेली' म्हटले ते शनिवारी घाणा बंद असे म्हणून, तोंडावळ्यावरून नव्हे. तिशा बेआबला आपण 'बिरड्याचा रोजा' म्हणत आलो, कारण त्या दिवशी घरात बिरडे होई.

परंतु वर्गीकरणाची खरी कसोटी एका अमेरिकन खेळात लागते. डग्लस स्मिथ नावाच्या तरुणाने केलेला 'लोड रनर' कॅलिफोर्नियातील ब्रोडरबंड कंपनीने 1983 साली बाजारात आणला. यात उडी मारणे नाहीच. विटा खणायच्या, शिड्या चढायच्या, सोने गोळा करायचे. पडदा 28 उभ्या आणि 16 आडव्या ओळींच्या घरांचा. त्यात 'खणायची वीट' आहे: डाव्या किंवा उजव्या पायाजवळ खड्डा पाडता येतो, पण थोड्या वेळाने तो आपोआप बुजतो, आणि आत सापडलात तर संपलात. 'पक्का ठोकळा' खणता येत नाही. आणि तिसरी, 'फसवी वीट'. दिसायला हुबेहूब खणायच्या विटेसारखी, परंतु पाय ठेवला की माणूस सरळ खाली.

या खेळात स्वतःचे पडदे रचण्याचीही सोय होती. रचताना प्रत्येक प्रकाराला एक आकडा, आणि तेथे फसवी वीट वेगळ्या खुणेने दाखवीत. खेळू लागले की ती खूण नाहीशी. म्हणजे रचणाऱ्याला दोन जाती दिसतात, खेळणाऱ्याला एकच. त्याला दुसरी कळते ती पडल्यावर. वर्गात मुलांना शब्दांच्या जाती शिकविताना आम्हांला हाच अनुभव येई. 'वर' हा शब्द एकटा फळ्यावर लिहिला तर तो नाम की क्रियाविशेषण, कोण सांगणार? वाक्यात घातल्याखेरीज उलगडा नाही.

'सुपर मारिओ ब्रदर्स 3' मध्ये, जो अमेरिकेत 1990 साली आला, आणखी भर पडली. संगीताची खूण असलेला 'उसळता ठोकळा'. थोडा वेळ उभे राहिले की खाली कोसळणारी 'ढासळती पायरी'. बर्फाचा ठोकळा अर्थातच 'घसरडा' नव्हे, उचलून फेकायचा. हे नाव आम्ही चुकलो होतो, नातवाने खोडले.

आता एक प्रश्न वाचकांकडे सोपवितो. याच खेळात एक निळी कळ आहे. ती दाबली की काही काळ विटांची नाणी होतात आणि नाण्यांच्या विटा. मग त्या नाण्याला वीट म्हणावे की नाणे? आमच्याकडे दोन मते आहेत. नातू 'उलटी वीट' म्हणतो, आम्हांला 'उसनी वीट' बरे वाटते. नातवंडांना विचारून त्यांचे नाव आम्हांला मराठीत लिहून कळवावे.