वेबसाइट फुकट, आहेराला कात्री

अमेरिकेत लग्नाची वेबसाइट फुकट होते. झोला, द नॉट, जॉय, मिंटेड, कुठेही जा, साध्या वेबसाइटला पैसे पडत नाहीत. म्हणून फुलांची नक्षी बघून निवड करू नका. तुमचे पाहुणे आहेर कुठून आणि कशाने देणार, ते आधी बघा. एडिसनचे काका व्हेन्मो करतील, डॅलसची मैत्रीण कार्ड वापरेल. पण पुण्याची मावशी?

आधी कात्री कुठे लागते ते बघू. आपल्याकडे ‘नो बॉक्स्ड गिफ्ट्स’ लिहायची पद्धत, म्हणजे बहुतेक आहेर रोख. वेबसाइटवर त्याला ‘कॅश फंड’ म्हणतात. पाहुण्याने कार्डाने पैसे भरले की झोला आणि द नॉटवर साधारण अडीच टक्के जातात. १०१ डॉलरच्या आहेरावर हे अडीच डॉलर कुणाला जाणवत नाहीत; दहा हजार डॉलर जमले की अडीचशे होतात. हा आकार पाहुण्याने सोसायचा की तुम्ही, हे काही ठिकाणी तुम्हाला ठरवता येतं. ते खातं उघडतानाच बघा. पाहुण्यावर टाकलात, तर १०१ द्यायला आलेल्या माणसाला शेवटच्या पानावर १०३ आणि वर काही सेंट दिसतील. आपल्या लोकांत त्याची चर्चा होते.

जॉयवर व्हेन्मो, पेपॅलसारखे दुवे थेट देता येतात. मधे जॉय काही घेत नाही. पण त्या ॲपचे स्वतःचे आकार असतातच. व्हेन्मोवर क्रेडिट कार्डाने पाठवलं तर पाठवणाऱ्याला ३ टक्के. तुम्ही पैसे बँकेत ताबडतोब वळते केलेत तर १.७५ टक्के, जास्तीत जास्त २५ डॉलर. दोन-तीन दिवस थांबलात तर काही नाही. पाहुण्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा: ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’चं बटण दाबू नका. ते दाबलं की आहेराची विक्री होते आणि आकार तुमच्या वाट्यातून कापला जातो. सगळ्यात स्वस्त झेल, बँकेतून बँकेत. त्यासाठी दोघांचीही खाती अमेरिकेत हवीत. दर बदलत राहतात, म्हणून वेबसाइट जाहीर करण्याआधी स्वतःच स्वतःला दहा डॉलरचा आहेर करून बघा. कुठे किती कापलं ते लगेच कळेल.

आता मावशी. व्हेन्मो आणि झेल तिला बंद, कारण दोन्हीला अमेरिकेतला फोन किंवा बँक लागते. यूपीआय इथे कॅश फंडात चालत नाही. राहिलं कार्ड. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने भारतातल्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ते झालं की पत्त्याचा रकाना: पाच आकडी झिप मागतात आणि मावशीचा पिनकोड सहा आकडी. शेवटचा आकडा खोडून बघते, कार्ड नाकारलं जातं; पुन्हा भरते, बँक कार्डच अडवते. पुण्यात तेव्हा रात्रीचे अकरा. आणि हे सगळं पार पडलं तरी परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी तिच्या माथी.

मावशीला या फंदात पाडूच नका. भारतातला आहेर भारतातच राहू द्या. तुमचं एनआरओ खातं असेल तर जवळचे नातेवाईक त्यात रुपयांत भरू शकतात. एनआरई खात्यात नाही, ही गल्लत नेहमी होते. खातं नसेल तर पाकिटं आईबाबांकडे ठेवा आणि पुढच्या फेरीत घ्या. मात्र लक्षात ठेवा: तुमच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी अमेरिकेत एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती, भरावी लागते. आहेरावर घेणाऱ्याला इथे कर नाही. पण आजोबांनी भारतातून घसघशीत रक्कम दिली आणि परदेशातून आलेल्या भेटी वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेल्या, तर फॉर्म ३५२० भरायचा. कर नाही, नुसती माहिती. न दिल्यास दंड मात्र जबर.

कागदपत्रं किती? पैसे काढायला ओळख पटवावी लागते: नाव, जन्मतारीख, अमेरिकेतलं बँक खातं आणि बहुधा सोशल सिक्युरिटी नंबर. जोडीदार नुकताच एच-४ वर येणार असेल तर त्याच्याकडे तो नंबर नसेल. मग कॅश फंड तुमच्याच नावाने उघडा. पैसे हातात यायला काही कामाचे दिवस लागतात; मांडववाल्याचा शेवटचा हप्ता त्या भरवशावर ठेवू नका.

वस्तूंची यादीही करणार असाल तर दोनच ठिकाणी करा. झोला आणि ॲमेझॉनवर उरलेल्या वस्तू तुम्हालाच साधारण २० टक्के सवलतीत मिळतात, पण अटी आणि मुदत वाचून घ्या. मिक्सर ११० व्होल्टचाच लावा. पुण्याहून कौतुकाने आलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे रुखवतात मांडण्यापुरता. इंडियन स्टोअरमधला कुकर, पोळपाट हवा असेल तर कुठल्याही दुकानाची वस्तू जोडता येते असाच मंच घ्या.

वेबसाइटवर खरी परीक्षा कार्यक्रमांची. सगळ्यांना रिसेप्शन, पण ग्रहमख आणि सीमांतपूजन घरच्यांपुरतं. कुणाला कोणता कार्यक्रम दिसावा हे झोला आणि जॉयवर पाहुण्यागणिक ठरवता येतं. ‘सहकुटुंब’ लिहू नका, नावं लिहा. केटरर ताटामागे पैसे घेतो आणि ‘सहकुटुंब’मध्ये मावसभावाचे सासरेही येतात. उत्तराची तारीख लग्नाच्या पाच-सहा आठवडे आधीची ठेवा, कारण आपले लोक ती उलटल्यावरच फोन करतात.

मराठी मजकूर आधी तपासा. पुष्कळ नक्षीदार फाँटमध्ये देवनागरी नसते आणि ‘श्री गणेशाय नमः’ भलत्याच अक्षरांत उमटतं. मथळा चित्र म्हणून चढवलेला बरा. मुहूर्ताशेजारी भारतीय वेळही लिहा. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचा १०:४२ म्हणजे भारतात रात्रीचे ८:१२. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेलं की ९:१२. लग्न त्याच शनिवार-रविवारी असेल तर लाइव्ह बघणाऱ्यांना तासभर आधी फोन करून आठवण द्या.

स्वतःचा पत्ता हवा असेल तर मंचाकडून घेण्याऐवजी डोमेन विकणाऱ्याकडून घेतलेला बहुधा स्वस्त पडतो. घेतल्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा, नाहीतर वर्ष भरल्यावर आणि पुढेही दरवर्षी कार्डावर तो खर्च दिसेल.

पासवर्ड वेगळा ठेवा. मे २०२२ मध्ये झोलावर चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड लावून काही जोडप्यांच्या खात्यांत शिरकाव केला होता. वेबसाइटलाही पासवर्ड लावा आणि सर्च इंजिनपासून ती लपवा. त्यावर घरचा पत्ता असतो आणि घर कोणत्या दिवशी रिकामं असेल तेही. लग्नानंतर आठवडाभरात आहेराची यादी उतरवून घ्या. पुढे दहा वर्षं कुणाच्या मुलाच्या लग्नात किती द्यायचे, हे आई त्याच यादीतून विचारणार आहे.