ओटीत दिलेल्या बहिणीचा शोध

जन्मतःच दिलेले मूल खानदेशात तीन वाटांनी जात असे. शोध घेणाऱ्याने आधी वाट ओळखायची असते, माणूस नंतर. एक वाट नात्यातली: मूलबाळ नसलेल्या चुलत्याच्या किंवा मावशीच्या ओटीत मूल घालायचे, जमल्यास दत्तकपत्र करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचे. दुसरी संस्थेची: मूल आश्रमात सोपवायचे आणि पुढे ते कोर्टाच्या हुकुमाने दुसऱ्या घरी जायचे. तिसरी बिनकागदाची. सुईण किंवा गावातली एखादी जाणती बाई मध्ये पडे आणि बाळंतिणीच्या खोलीतूनच मूल दुसऱ्या तालुक्यात पोचे. घरातल्या म्हाताऱ्या विचारल्यावर ‘पोर दी टाकी’ एवढेच अहिराणीत सांगतात, आणि त्यातून वाट कोणती ते कळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाची पहिली दोन वर्षे याच घोटाळ्यात गेली. लेखकाची धाकटी बहीण १९७३ साली जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मली. दुष्काळाचे वर्ष होते, आई दिवस भरेपर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती, घरात रेशनच्या मिलोची लाल भाकर होती आणि आधीची चार मुले होती. आत्याने ‘आश्रमात दिली’ असे सांगितले, म्हणून एका संस्थेकडे हेलपाटे घातले गेले. दरम्यान एका मध्यस्थाने ‘फाईल काढून देतो’ म्हणत पंधरा हजार रुपये नेले. मुलगी आश्रमात गेलीच नव्हती.

संस्थेने माहिती नाकारली ती मात्र नियमाला धरूनच होती. दत्तक नियमावलीत मुळाचा शोध घेण्याचा हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीला आहे. अठरा वर्षे पूर्ण असतील तर तिने स्वतः अर्ज करायचा, त्याआधी दत्तक आईवडिलांसह. तिसऱ्या व्यक्तीला ही माहिती देता येत नाही, आणि जन्मदात्या आईने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर तिची संमती लागते. भाऊ, आत्या, आजी ही मंडळी रक्ताची असली तरी या नियमापुढे परकीच. त्यांना करता येण्यासारखी गोष्ट एकच: आपले नाव, पत्ता आणि भेटायची तयारी लेखी कळवून ते पत्र जुन्या कागदांसोबत ठेवण्याची विनंती करायची. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी.

दत्तक गेलेल्यांनाही ही वाट सोपी नाही. १९७३ मध्येच पुण्यातल्या एका संस्थेतून जर्मन दांपत्याने दत्तक नेलेल्या अरुण डोहले यांनी आपल्या कागदांसाठी उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. आईची भेट व्हायला २०१० उजाडले.

नात्यातल्या दत्तकाचा माग त्या मानाने लवकर लागतो, कारण जमिनीला वारस लागतो. फेरफार नोंदीत ‘दत्तक’ हा शब्द आणि जन्मदात्या बापाचे नाव सापडू शकते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावाच्या क्रमाने लावलेल्या असतात. काही समाजांत भाटांच्या पोथीत वंशावळ मिळते. यात मुली क्वचितच दिसतात. मुलगी दत्तक घेण्याची सोय हिंदू कायद्यात १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने आली. त्याआधी ओटीत दिलेली मुलगी कागदावर दत्तक नसते, ती फक्त ‘वाढवलेली’ असते. त्यानंतरही मुलीसाठी दत्तकपत्र करण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. शेत तिच्या नावावर व्हायचे नव्हते, मग कागद कशाला, हा त्यामागचा हिशेब.

बिनकागदाच्या वाटेवर कामाला येते ती जन्माची नोंद. खेड्यांतल्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात. त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहाव्यात. शहरातली नोंद नगरपालिकेकडे. मुलाचे नाव शोधून उपयोग नाही, कारण बारशाआधीच गेलेल्या मुलाला नाव नसते. बापाचे नाव, लिंग आणि तारीख यांवरच ओळ सापडते, आणि तारीख म्हाताऱ्यांच्या आठवणीतून काढावी लागते. आत्याला एवढेच आठवत होते की आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, झोके अजून झाडाला होते आणि सासरी परतायच्या आदल्या दिवशी मूल झाले. पंचांगाप्रमाणे त्या वर्षीची आखाजी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. तेवढ्यावर पान सापडले. ओळ होती: बापाचे नाव, जात, ‘मुलगी’. मृत्यूच्या पानांवर तिची नोंद नव्हती, हेच त्या दिवशीचे मोठे हाती लागणे. अशी नक्कल काढताना जिल्ह्यांची जुनी नावेही ध्यानात ठेवावी लागतात. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ते पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहादा-तळोद्याची जुनी नोंद धुळ्याच्या नावाने सापडली तर दचकू नये.

मूल कुठे गेले हे मात्र कागदाने सांगितले नाही. सुईणीच्या सुनेने सांगितले, तेही तिसऱ्या भेटीत, चहा झाल्यावर, पुरुष मंडळी ओट्यावर गेल्यावर. शिरपूर तालुक्यातले एक गाव आणि एक आडनाव. अशी माहिती विचारायला बाईमाणसानेच जावे आणि वही-पेन बाहेर काढू नये. सगळी नोंद घरी येऊन करावी.

यानंतरची चूक सर्वांत महाग पडली. लेखक आणि त्याचा थोरला भाऊ पुढच्याच आठवड्यात साडी-चोळी घेऊन त्या गावात उतरले. बहीण पन्नाशीची, अंगणात कापूस वेचून आणलेल्या बायकांची मजुरी मोजत होती. तिला काहीच माहीत नव्हते. दत्तक आई हयात होती आणि बहिणीच्या मुलीची सोयरीक चालू होती. आलेल्या पाहुण्यांना तिने पाणी दिले, बोलणे ऐकून घेतले आणि ‘तुम्ही घर चुकलात’ म्हणून दार लावले. पुढची तीन वर्षे फोन उचलला गेला नाही. गावात चर्चा मात्र झाली, आणि तिचा त्रास बहिणीला भोगावा लागला.

म्हणून ठावठिकाणा लागल्यावर पहिली हालचाल सावकाश करायची असते. व्यक्तीला आपण दत्तक असल्याचे ठाऊक आहे का, हे आधी तिसऱ्या कुणाकडून, नाव न फोडता काढावे. दत्तक आईवडील हयात असतील तर निरोप त्यांच्याकडे जावा. सणासुदीला जाऊ नये. कानबाईच्या सणातला रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच वाटला जातो. अशा वेळी ‘ही आमच्या कुळातली’ म्हणणारा माणूस दारात उभा राहिला की सगळे घर हादरते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि जन्मतारीख फिरवणे तर पूर्ण वर्ज्य. डीएनए चाचणीचा उपयोग संशय फेडण्यापुरता. दोन्हीकडची संमती असली तर करावी. जमिनीच्या हिश्शाचा विषय पहिल्या पत्रात आला की पत्र संपलेच. कायद्यानेही दत्तक दिलेल्या मुलाचा जन्मकुटुंबाशी वारशाचा संबंध साधारणपणे तुटतो. आधीच नावावर झालेली मालमत्ता आणि विवाहातली निषिद्ध नाती एवढेच अपवाद राहतात.

लेखकाच्या घरून शेवटी एक पानी पत्र गेले, तेही बहिणीच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेच्या हातून, बंद पाकिटात. त्यात माफी, आईचे नाव, आई कधी गेली, आणि घरातले आजार होते: कुणाला मधुमेह, कुणाला कोणत्या वयात हृदयविकार. सिकलसेलची तपासणी केल्याचे आणि तिचा निकालही लिहिला होता, कारण सातपुड्याकडच्या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो आणि पुढच्या पिढीच्या सोयरिकीत तो विचारात घ्यावा लागतो. भेटीची मागणी नव्हती. खाली एक फोन नंबर होता, आणि तो घरात कुणी बदलायचा नाही असे ठरले. नवव्या महिन्यात त्या नंबरवर तिच्या धाकट्या मुलाचा फोन आला. त्याने फक्त आजीच्या मधुमेहाबद्दल विचारले.