जपानीची फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की किन्हवली, डोळखांब, मुरबाडकडून दरवर्षी तोच प्रश्न येतो : "सर, तीन महिन्यांत जपानी शिकवतात आणि थेट जपानला लावतात म्हणे. पैसे भरू का?"

नका भरू. शेताचा तुकडा विकून तर मुळीच नाही.

तीन महिन्यांत फार तर एन-फाइव्हची तयारी होते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची ही सर्वांत खालची पायरी. नुसत्या त्या कागदावर तिकडे कोणी कामाला ठेवत नाही. २०१९मध्ये जपानने कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, त्याला एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही भाषापरीक्षा लागते, शिवाय त्या-त्या कामाची वेगळी परीक्षा. आणि एवढं करून साधारण पाच वर्षं राहायचं, तेही बायकोमुलांना इथेच ठेवून. हे क्लासच्या बॅनरवर छापलेलं नसतं.

दुभाषा व्हायचं असेल तर एन-टूपर्यंत काही वर्षं घासावी लागतात. त्यासाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे.

"पण सर, पोराचं इंग्रजी कच्चं आहे." असू द्या. "वाताशि वा गोहान ओ ताबेमासु" म्हणजे "मी भात खातो". कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'ला', 'ने' आपण शब्दामागे लावतो, तसेच त्यांचे 'वा', 'ओ'. त्यांची अक्षरंसुद्धा आ, का, सा, ता, ना अशी लावलेली. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला. मराठी शाळेतल्या पोराला हे इंग्रजीपेक्षा लवकर उमगतं. खरी दमछाक पुढे, कांजीला, म्हणजे चिनी चित्राक्षरांना. आणि देवनागरीत उच्चार लिहून पाठ करणारा तर तिथपर्यंत पोचतच नाही.

म्हणून आधी घरीच बघा. हिरागाना आणि काताकाना या त्यांच्या दोन लिपी, दोन्हींत मूळ अक्षरं ४६-४६. एक वही, रोज एक तास. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' पुस्तक आवाजासकट फुकट मिळतं. महिन्याभरात अक्षरं बसली तर क्लासचा विचार करा. एवढ्यासाठी आसनगावहून रोज लोकलने ठाणं गाठायचं काही कारण नाही.

आणि जोडीला आयटीआय करा. "तिथे नापास मुलं जातात" हे बापाचं म्हणणं असतं, पोराचं नसतं. पोराला मोटार उघडायला आवडते, वेल्डिंग आवडतं. बापाला बीकॉम सांगायला बरं वाटतं. तिकडे गाडीदुरुस्तीला, बांधकामाला, कारखान्यात माणसं हवी आहेत. हातात कला नसलेल्याला नुसती भाषा फार दूर नेत नाही.

तरी एजंटाकडे जायचंच असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखांत बोलणाऱ्याकडे चहासुद्धा घेऊ नका.